काच लाव

मराठीत ‘लाव’ हा शब्द ज्यानं केला त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय मला, की बाबा रे, तुला नेमकं म्हणायचं काय होतं. दार लाव म्हणजे बंद कर. लाईट लाव म्हणजे चालू कर. पडदा लाव म्हणजे झाक आणि टीव्ही लाव म्हणजे दाखव. सगळे दिवसभर हेच बोलतात आणि कुणाचं कुठं अडत नाही. माझं अडलं. माझ्या वडलांची शेवटची पाच-सात मिनिटं ह्या एका शब्दात अडकली. त्या वेळी मी त्यांच्या तोंडावर काच बंद केली ती कुणाच्या सांगण्यावरून, की माझ्या मूर्खपणानं, हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं.

मी काचांचं काम करते. नीट सांगायचं तर काचेवर एक फिल्म बसवते. पैठण रोडला चितेगावात आमचं शेड आहे, तिथून माल निघतो आणि मी शहरभर तो बसवत हिंडते. फिजिक्समध्ये एमएस्सी केलं तेव्हा सगळ्या नात्यागोत्याला वाटलं पोरगी मास्तरीण होणार. झाली काचवाली. ह्या फिल्मचं कवतिक एवढंच, की बटण चालू केलं की काच आरपार दिसते आणि बंद केलं की दुधासारखी पांढरी होते. साहेब लोक केबिनला लावून घेतात, डॉक्टर तपासणीच्या खोलीला.

लोकांना वाटतं बटण दाबलं की काचेत काहीतरी पांढरं भरतं. काही भरत नाही. त्या फिल्मच्या प्लास्टिकात डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक थेंब अडकवलेले असतात. थेंबातला द्रव मोठा विचित्र, वाहतो पाण्यासारखा आणि वागतो स्फटिकासारखा. त्याचे रेणू लांबट, काड्यांसारखे. वीज नसली की प्रत्येक थेंबातल्या काड्यांचं तोंड वेगळ्या दिशेला. प्रकाश एका थेंबात शिरतो, वाकतो, बाहेर पडतो, पुढच्यात शिरून पुन्हा वाकतो. असा वाकत वाकत तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा कुठून निघाला होता ह्याची काही खूण त्याच्यापाशी उरलेली नसते. वीज दिली की सगळ्या काड्या एकाच दिशेनं, काचेला सरळ उभ्या राहतात. मग थेंब आणि भोवतीचं प्लास्टिक ह्यात प्रकाशाला फरकच वाटत नाही आणि तो नीट निघून जातो. भज्याच्या कागदाला तेल लागलं की पलीकडचं दिसायला लागतं ना, तसलाच प्रकार आहे तो. गिऱ्हाइकाला मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, “पांढऱ्या काचेतून पण उजेड जवळपास तेवढाच येतो बरं का. फक्त चेहरा येत नाही.” हे वाक्य मला फार आवडायचं. आता तोंडातून निघत नाही.

आमचे अप्पा छावणीत पडदे शिवायचे. रस्त्याला लागून अरुंद दुकान, एक मशीन, वर कापडाचे तागे. घरांचे पडदे तर शिवायचेच, पण दवाखान्यांचे हिरवे पडदे ही त्यांची खासियत. पहिल्यांदा मी फिल्मचा नमुना दुकानात नेला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून मागं काय आहे ते बघितलं, मी दोनदा चालू-बंद करून दाखवलं, मग बोटाला थुंकी लावून घासून बघितला.

“ह्याला धुवायचं कसं?”

“धुवायचं नसतं, अप्पा.”

“शिवण?”

“शिवण पण नसते.”

“वा रं वा,” म्हणाले. “बापानं शिवायचं आन पोरीनं उसवायचं. बरं चाललंय आपल्या घरात.”

पुढं कितीतरी दिवस हाच चेष्टेचा विषय होता. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, पडदा आत्ताच घेऊन ठेवा, माझी पोरगी धंदा बुडवायला निघालीय. आणि त्या हसण्यामागं एवढा अभिमान असायचा की आई म्हणायची, पुरे करा आता, दृष्ट लागेल. आईला ह्या कामाची धास्तीच होती. तिला एकदा ओल्या हातानं फ्रिज उघडताना झटका बसला होता. तेव्हापासून ती पायात चप्पल घातल्याशिवाय फ्रिजला हात लावत नाही. “तू दिवसभर करंटशी खेळतीस,” असं ती मला म्हणायची, जसं काही मी विहिरीवर पोहायला जाते.

मग शहरातल्या एका दवाखान्याचं काम मिळालं. आयसीयूच्या टोकाला एक वेगळी खोली होती, संसर्ग झालेल्या पेशंटसाठी. आत फक्त डॉक्टर आणि सिस्टर जाणार, नातेवाइकांनी बाहेरच्या पॅसेजमधून मोठ्या काचेतून बघायचं. त्या काचेला मी फिल्म लावली, पॅसेजच्या बाजूनं, कारण आतली बाजू रोज औषधाच्या पाण्यानं पुसतात. बटण पण पॅसेजमध्येच घेतलं. वायर तिथंच होती म्हणून. आतल्या माणसाला कधी बघावंसं वाटेल, कधी नाही, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पेशंटचं अंग पुसायचं होतं. सिस्टर आतून ओरडली, “काच लावा.” बाहेर वॉर्डात काम करणाऱ्या एक बाई होत्या, सगळे त्यांना आपा म्हणायचे. त्यांनी बटण चालू केलं. झालं, बिचारा म्हातारा उघडा, आणि बाहेर त्याची सून, व्याही, सगळं गोत. मला बोलावणं आलं. मी जाऊन सगळ्यांची शाळाच घेतली. लावा म्हणायचं नाही, एक तर ‘दाखवा’ म्हणा नाहीतर ‘झाका’ म्हणा, एवढं साधं कळत नाही का. बटणाच्या वर तशी चिठ्ठी चिकटवली. आपा हसून म्हणाल्या, “ताई, हम तो जिंदगीभर लाव बोले. अब ये नवा कायकू?” मी म्हणाले, कायकू म्हणजे, असं लोकांची इज्जत जाऊ नये म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी अप्पांना ताप आला. आधी साधा खोकला, मग दम, मग दोन्ही फुप्फुसांत संसर्ग. त्यांना नेलं ते त्याच दवाखान्यात, आणि दुसऱ्या दिवशी हलवलं ते त्याच खोलीत. मी पॅसेजमध्ये उभी राहिले आणि समोर माझी काच, काचेमागं माझा बाप, तोंडावर मास्क. माझी चिठ्ठी बटणावर तशीच होती.

आई पहिल्या दिवशी पुढं गेली आणि तिनं काचेकडं हात नेला. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “हात लावू नको, करंट आहे.” तिनं झटकन हात मागं घेतला आणि पदरात गुंडाळला. नंतर सहाही दिवस ती तशीच उभी राहायची, दोन्ही हात पदरात, काचेपासून वीतभर लांब.

भेटायच्या वेळा दोन, सकाळी अकरा आणि दुपारी चार. आम्ही जायचो, मी बटण चालू करायचे, अप्पा दिसायचे. अप्पांच्या तोंडावर मास्क, त्यामुळं बोलायची सोयच नव्हती. ते आमच्याकडं मान वळवायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं हलवायचे, बाजूला, परत बाजूला. आई म्हणायची, “जा म्हणतायत. उगं कशाला ताटकळता म्हणतायत.” स्वभावच तसा होता त्यांचा, म्हणून मीही तेच धरून चालले. आम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबून निघायचो. आता आठवलं की मला स्वतःचा संताप येतो, की आम्ही त्या बोटांचं ऐकून निघत होतो.

सहाव्या दिवशी चारला गेलो तर आत गर्दी होती. दोन सिस्टर, एक डॉक्टर. अप्पांची छाती लई जोरात वरखाली होत होती. आई काचेसमोर मधोमध, मी तिच्या डाव्या बाजूला बटणापाशी. तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला तिथं दोन-तीन सेकंद लागायचे. आतली मशिनं बॅटरीवर चालत राहायची, काचेला बॅटरी नव्हती. काच एकदम पांढरी झाली. मग जनरेटर सुरू झालं आणि काच परत स्वच्छ झाली. ह्या एवढ्या वेळात कधीतरी आई म्हणाली, “काच लाव गं.”

मी बटण दाबलं आणि काच पांढरी झाली.

मला वाटलं तिला बघवत नाही. खोटं कशाला बोलू, मलाच बघवत नव्हतं. ती ‘लाव’ म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं. मग मी बघितलं तर आई पुढं सरकली होती आणि तिचे दोन्ही तळवे काचेवर टेकलेले होते, कपाळ पण जवळजवळ टेकलेलं. आतून पावलांचे आवाज, कसलंतरी चाक सरकल्याचा आवाज, मशिनचा टूं टूं. मी बटणाशी उभी. पाच मिनिटं, फार तर सात. मग दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मास्क खाली घेतला.

अप्पा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना आत्यानं विचारलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, लासूर स्टेशनला असते, जिभेला हाड नाही पण भावावर जीव. “शेवटाला बघितलं का गं त्याला?”

आई म्हणाली, “लाईट गेली होती. मी हिला म्हणले काच लाव.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. “मंग?”

“मी बंद केली,” मी म्हणाले.

“ती लाव म्हणली आन तू बंद केली?” आत्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “एवढी शिकलीस गं बाई. आन नवऱ्याचं शेवटचं तोंड बघू दिलं नाय तिला.”

मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती आता म्हणेल, नाही हो, तसं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. आत्या त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही. घरी यायची, आईपाशी बसायची, मी चहा ठेवला की तो आईच्या हातून घ्यायची.

त्यानंतर ते दोन-तीन सेकंद माझ्या मागं लागले. आई कधी म्हणाली? काच पांढरी होती तेव्हा, की स्वच्छ झाल्यावर? पांढरी असताना म्हणाली असेल तर ‘लाव’ म्हणजे चालू कर, मला बघू दे. स्वच्छ झाल्यावर म्हणाली असेल तर ‘लाव’ म्हणजे बंद कर. मी अंघोळ करताना, स्कूटरवर, शिडीवर उभी असताना ते पुन्हा पुन्हा चालवून बघायचे. लाईट जाते, काच पांढरी, आवाज, काच साफ. लाईट जाते, काच पांढरी, काच साफ, आवाज. दोन्ही क्रम तितकेच खरे वाटायचे. आणि प्रत्येक वेळी शेवटी ते दोन तळवे काचेवर. मला दिसायचं, की ती काच ढकलतेय. उघड म्हणून ढकलतेय, आणि मी बटणावर हात ठेवून शुंभासारखी उभी आहे.

चितेगावच्या शेडमध्ये नमुन्याच्या सहा काचा ओळीनं उभ्या केलेल्या असतात, पुरुषभर उंचीच्या. तिकडं लाईट सारखी जाते. आधी मी लक्षही द्यायचे नाही. आता लाईट गेली की सहाही काचा एकदम पांढऱ्या व्हायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा, कारण प्रत्येक काचेमागं कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, पाऊलभर मागं. पांढऱ्या काचेचं हे असतंच. माणूस तिला चिकटला तर दिसतो, एक पाऊल मागं सरला की विरून जातो. हे मी शेकडो वेळा लोकांना दाखवलंय. तेच आता मला भरदुपारी घाम फोडायचं. दोनदा मी उठून मागं जाऊन बघितलं. एकदा तर मी चक्क विचारलं, “अप्पा, काय म्हणता?” मागं रिकामी खोकी होती. माझी मला लाज वाटली आणि त्याच्या दुप्पट रडू आलं, कारण कुणी नव्हतं.

घरात वेगळंच चाललं होतं. माझ्या उशिरा ध्यानात आलं, की आम्ही दोघींनी ‘लाव’ हा शब्द घरातून काढून टाकलाय. आई म्हणायची, लाईट चालू कर. दार ओढून घे. फोन कर तिला. देवापुढं दिवा ठेव. विरजण लावायचं असलं तर स्वतःच उठून लावायची. मीही तशीच. कुणी ठरवलं नव्हतं. कधी चुकून तोंडावर आला की आम्ही वाक्य अर्धं सोडायचो आणि दोघी दुसरीकडं बघायचो. अप्पांनी शिवलेले पडदे खिडक्यांना होते, ते सव्वा वर्ष तसेच अर्धवट राहिले, कारण ते सरकवायला सांगायचं तर सांगायचं कसं.

मग एक दिवस त्या दवाखान्यातून फोन आला. काचेच्या कोपऱ्याला फिल्म सुटली होती. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. मीच गेले. का गेले विचाराल तर मला बघायचं होतं, आतून. सव्वा वर्ष मनातल्या मनात मी ती काच बाहेरूनच बघत होते.

खोली रिकामी होती, गादीवर नवी चादर. आपा होत्याच. त्यांनी मला ओळखलं, हात धरला, म्हणाल्या, “अब्बा लई शांत होते तुमचे. कधी वाकडं बोलले नाय.” मी कोपरा नीट केला. मग म्हणाले, “आपा, मी दोन मिनिटं ह्या पलंगावर पडते. तुम्ही बाहेर जाऊन काचेसमोर उभ्या राहा.” त्यांनी काही विचारलं नाही. अशी माणसं मला आवडतात.

आधी काच चालू होती. मी उशीवर डोकं टेकलं, मान वळवली. आपा धुरकट दिसत होत्या. पलंग काचेच्या एका कडेला, त्यामुळं उशीवरून नजर तिरकी जाते. आणि ही फिल्म चालू असली तरी तिरकी बघितली की धूसरच दिसते, काड्या सरळ बघणाऱ्यासाठी उभ्या असतात. हे मला माहीत होतं, पुस्तकातलं माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं. म्हणजे सहा दिवस आतल्या लख्ख दिव्यांमुळं आम्हाला ते बऱ्यापैकी दिसत होते आणि पॅसेजच्या मंद उजेडातले आमचे चेहरे त्यांना वाफेतून दिसावेत तसे दिसत होते. ती दोन बोटं. बाजूला, परत बाजूला. जा म्हणत नव्हते ते. दुकानात गिऱ्हाइकाला नमुना दाखवताना ते अशीच बोटं हलवायचे, पडदा जरा बाजूला घे, उजेड येऊ दे. आयुष्यभर पडदे शिवलेला माणूस आम्हाला पडदा सरकवायला सांगत होता आणि आम्ही घरी जात होतो.

मी आपांना ओरडून सांगितलं, “आता झाका.” काच पांढरी झाली. आपा दिसेनाशा झाल्या. नुसता पांढरा उजेड, सगळीकडून सारखा.

“आता काचेला हात लावा, दोन्ही.”

बाहेरून आवाज आला, “करंट है ना? तुमीच बोले थे.”

मला झोपल्या झोपल्या हसू आलं. मी बोलले होते खरं. प्रत्येक ठिकाणी बोलते. फिल्मचा करंट कडेच्या पट्टीत असतो आणि ती पट्टी चौकटीच्या आत पक्की बंद. काचेवर हात काय, गाल टेकला तरी काही होत नाही. पण लोक हात लावतात, डाग पडतात, अंगठ्यांचे ओरखडे उठतात आणि मग आम्हाला शिव्या. म्हणून आमच्या धंद्यात सगळेच सांगतात, हात लावू नका, करंट आहे. एकदा सांगितलं की परत सांगावं लागत नाही. “काही नाय होत,” मी म्हणाले. “लावा खुशाल.”

त्यांनी हात टेकले. पांढऱ्या काचेत दोन तळवे उमटले, स्पष्ट, दहाही बोटं मोजता येतील असे. पलंगावरून, तिरकं बघूनसुद्धा. मनगटाच्या मागं सगळं विरलेलं, माणूस नाहीच, फक्त हात. मी त्या हातांकडं बघत पडून राहिले. सहा दिवसांत अप्पांना आमच्याकडचं एवढं स्वच्छ काही दिसलंच नव्हतं. मग मी आपांना बटणापाशी जाऊन उभं राहायला सांगितलं, जिथं मी उभी होते तिथं. तिथलं काहीच दिसलं नाही.

घरी गेले तेव्हा आई गवार निवडत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पलंगावर झोपून बघितलं, चालू काचेतून तिरकं धुरकट दिसतं, बोटांचं असं होतं, आणि पांढरी काच असताना तिला टेकलेला हात मात्र दिसतो. तिचा हात थांबला.

“माझा हात दिसला असंल?”

“दोन्ही.”

“बोटं?”

“सगळी. मोजता येतील अशी.”

तिनं शेंगा परातीत ठेवल्या. बराच वेळ ती स्वतःच्या तळव्यांकडं बघत होती. मग म्हणाली, “तुझ्या आत्यापुढं मी बोलले नाय. चुकलं माझं. लाईट आली, काच साफ झाली, तवाच म्हणले होते मी लाव म्हणून. बंद कर म्हणूनच म्हणले होते.”

सव्वा वर्ष. मला वाटलं मी चिडेन, आणि चिडलेही. मी म्हणाले, “मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? मी किती...”

“सगळे म्हणायला लागले, शेवटचं तोंड बघू दिलं नाय. मी कोणत्या तोंडानं सांगू, की मीच नको म्हणले म्हणून? बायको असून?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “बघवत नव्हतं म्हणून नव्हे गं. सहा दिवस बघतच होते की. मला हात लावायचा होता. त्यांना नाय तर नाय, काचेला तरी. ते तिकडून बघत होते आन मी इकडं हात पदरात घालून उभी, परक्या बाईसारखी. पण चालू काचेत करंट. तूच म्हणली होतीस. आन मला ठाव होतं, मला झटका बसला तर सगळे मलाच बघत बसतील, त्यांना सोडून. म्हणून म्हणले लाव. बंद झाली तवा हात टेकवला.”

मी परातीतली एक शेंग उचलून मोडत बसले.

“बरं झालं तू पटकन बंद केलीस,” ती म्हणाली. “तेवढं तरी मिळालं मला. नायतर सहा दिवसांत एकदाबी हात लागला नसता.”

मी म्हणाले, “व्हय.” तिनं शेंगा परत हातात घेतल्या. म्हणाली, उद्या आत्या आली की तिला सांगते सगळं, तुझ्यावरचा राग जाईल तिचा. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलंही. आत्या रडली, मला जवळ घेतलं, माझ्या हातचा चहा प्याली. घरात आता पुन्हा कुणीही काहीही लाव म्हणतं. मी आईला एवढं एकच सांगितलेलं नाही, की त्या काचेत करंट नव्हता. पहिल्या दिवशी तिनं पुढं केलेला हात मी थांबवला नसता, तर सहाही दिवस ती त्या काचेला हात टेकून उभी राहू शकली असती.